शंभर एमबीपीएसमध्ये तीनताल बसतो का?

आधी निकाल सांगून टाकतो, कारणं मागाहून. आमच्या गावच्या केबलवाल्याचं घरगुती फायबर कनेक्शन तबला शिकवायला पुरतं. पाचपैकी साडेतीन तारे. हिवाळ्यातल्या सकाळी साडेचार आणि आषाढातल्या संध्याकाळी दोन, त्याची ही गोळाबेरीज. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गोव्यात फोंडा तालुक्यात काय नि डिचोलीत काय, दर दोन-चार गावांमागे असा एक केबलवाला आहेच. टीव्हीच्या केबलच्या जोडीला त्याने आता फायबर ओढलंय, आणि या सगळ्यांचे गुणदोष थोड्याफार फरकाने सारखेच.

मी तबला शिकवतो. घरच्या ओसरीवर येऊन बसणारी गावातली मुलं आहेतच. ऑनलाइन शिकवणी 2020च्या टाळेबंदीत नाइलाजाने सुरू झाली. शाळा उघडल्या की बंद होईल असं वाटलं होतं, झाली नाही. आज तिच्यात डिचोलीची एक मुलगी आहे, मस्कतला नोकरीला असलेल्या एका गोंयकाराची दोन मुलं आहेत, मडगावचे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत (हात जड, पण हौस दांडगी), आणि सांगे तालुक्यात नेत्रावळीच्या बाजूला राहणारा एक मुलगा आहे. त्या मुलाबद्दल पुढे लिहितो, कारण या सगळ्या यंत्रणेची खरी परीक्षा तोच घेतो.

इंटरनेटचा रिव्ह्यू म्हटला की लोक स्पीड टेस्टचा फोटो टाकून मोकळे होतात. सिनेमा बघणाऱ्याला तेवढं बास. शिकवणाऱ्याचं तसं नसतं. माझ्या घरातून बाहेर काय जातं, किती वेळात पोचतं, आणि दर वेळी तितक्याच वेळात पोचतं का, हे तीन प्रश्न त्या फोटोत कुठेच दिसत नाहीत. म्हणून त्या क्रमाने सांगतो.

प्लॅन 100 एमबीपीएसचा. महिना 699 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे खिशातून सव्वाआठशे जातात. सकाळी तपासलं तर डाउनलोड 95च्या आसपास आणि अपलोड 90च्या. हे अपलोड बघूनच मी कनेक्शन घेतलं. त्याआधी तांब्याच्या तारेवर जे होतं त्यात डाउनलोड बरं असायचं, पण अपलोड एक एमबीपीएसही धड मिळायचं नाही. विद्यार्थी मला स्वच्छ दिसायचे आणि त्यांना मी चौकोनी तुकड्यांत दिसायचो. गंमत अशी की सरकारी व्याख्येलाही अपलोडचं वावडं आहे. जानेवारी 2023मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएसवर नेली, ती फक्त डाउनलोडची. माणूस इंटरनेटवर बसतो तो घ्यायला, द्यायला नाही, असं कुणीतरी धरूनच चाललंय. शिकवणाऱ्या माणसाचा, आणि गृहपाठ वाजवून दाखवणाऱ्या पोराचा, सगळा धंदा द्यायचा आहे.

फायबरमध्ये मुळात ही अडचण नसते. या तंत्राला जीपॉन म्हणतात. एका तारेतून खाली अडीच गिगाबिट येतात, वर सव्वा गिगाबिट जातात, आणि वाटेत स्प्लिटर लावून ती तार 32 किंवा 64 घरांत वाटतात. 32 घरांनी एकाच क्षणी अपलोड करायचं ठरवलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास 39 एमबीपीएस येतात. चांगल्या व्हिडिओ कॉलला एक-दीड एमबीपीएस लागतात. म्हणजे अपलोड तुटपुंजं असेल तर दोष काचेच्या तारेचा नाही, प्लॅन कापणाऱ्याचा. कनेक्शन घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: "अपलोड किती?" आमच्या केबलवाल्याच्या काउंटरवरच्या मुलीने "सेमच असतं सर" असं सांगितलं, आणि ते खरं निघालं. इथे एक तारा पुरता दिला.

आता दुसरा प्रश्न, वेळेचा. टेलिफोनच्या जगात एक जुना नियम आहे, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.114 शिफारशीतला. आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला 150 मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलणाऱ्यांना काही जाणवत नाही, आणि 400च्या पलीकडे नेटवर्क आखूच नये. बोलण्यासाठी तो नियम चोख आहे. तबल्यासाठी मात्र हिशेब करून बघा. मिनिटाला 120 मात्रांची मध्य लय धरली तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची. चौगुनीत, म्हणजे एका मात्रेत चार बोल वाजवताना, बोल 125 मिलिसेकंदांवर पडतो. म्हणजे टेलिफोनवाल्यांना ज्या विलंबाचा पत्ताही लागत नाही, त्यात माझा एक अख्खा बोल मागे राहतो. मी आणि विद्यार्थी एकत्र वाजवणं, मी लेहरा (आवर्तनाची फिरती धून) धरून त्याने कायदा (बोलांची बांधलेली रचना) वाजवणं, हे कुठल्याही प्लॅनमध्ये होणार नाही. आमच्याकडचे थोर तबलावादक खाप्रुमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत असं जुनी माणसं सांगतात. मीटिंगच्या खिडकीत साथ धरणं त्यांनाही जमलं नसतं.

मी साधी चाचणी करतो. टाळी द्यायची, समोरच्याने ती ऐकताक्षणी टाळी द्यायची, आणि दुसऱ्या फोनवर दोन्ही रेकॉर्ड करून मधलं अंतर मोजायचं. समोरच्याचा हात हलायला लागतो तो वेळ त्यातच आला. फायबरवर डिचोलीच्या मुलीबरोबर ते 450 मिलिसेकंदांच्या आसपास येतं, आणि महत्त्वाचं म्हणजे दर वेळी तेवढंच येतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तेच कधी 600, कधी 900. नेहमी सारखाच उशीर होत असेल तर माणूस त्याच्याशी जमवून घेतो. मी मोजून देतो, थांबतो, ती वाजवते, मी ऐकतो. प्रश्नोत्तरासारखी शिकवणी होते आणि बरी होते. उशीर दर वेळी वेगळा असेल तर काहीच होत नाही.

या 450तले फार थोडे फायबरच्या वाट्याचे. काचेतून प्रकाश हजार किलोमीटर 5 मिलिसेकंदांत जातो. हात हलायचा वेळ सोडला तर बाकी सगळा वेळ आवाज पकडणं, त्याचे तुकडे करणं, दाबणं, समोर जमवून ठेवणं यात जातो. तरीही एक गोष्ट खटकतेच. इथून डिचोली हाकेच्या अंतरावर, पण माझा बोल डिचोलीला जाताना आधी मुंबईला जातो. माझा केबलवाला ज्याच्याकडून बँडविड्थ विकत घेतो तो, आणि तिकडचा मोबाईलवाला, यांची गाठ मुंबईत पडते, मीटिंगचा सर्व्हरही तिथलाच. जाऊन-येऊन हजार-बाराशे किलोमीटरची वारी. वेळ फार जात नाही, पण वाटेत कुठे खोळंबा झाला की दोन गोंयकारांचं बोलणं तुटतं. राज्यातल्या राज्यातली वाहतूक राज्यातच वळवली तर शाळा-कॉलेजांच्या वर्गांना केवढा तरी फायदा होईल.

यावरून आठवलं. आमच्या शेजारच्या केरीच्या गायिका सूरश्री केसरबाई केरकर. 1977 साली नासाच्या व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर जी सोनेरी तबकडी धाडली, तिच्यात त्यांची भैरवी आहे. ती यानं आज ताऱ्यांमधल्या अवकाशातून सेकंदाला 160 बिट या गतीने माहिती पाठवतात आणि ती इथे पोचते. मोजायला वेगाचं परिमाण तेच, पण ती यानं धाडणाऱ्यांनी यंत्रणा आखली ती काय पाठवायचंय ते आधी ठरवून. आमच्याकडे 100 एमबीपीएसचा बोर्ड आधी लागतो, त्याचं करायचं काय हे ज्याचं त्याने बघावं.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि त्यावर कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही, म्हणून जरा सविस्तर. आवाजाचे तुकडे उशिरा-लवकर यायला लागले की मीटिंगचं ॲप हुशारी करतं. तुकडे साठले तर आवाज किंचित पळवतं, तुकडे कमी पडले तर किंचित ताणतं, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. बोलण्यात ही लबाडी कानाला कळतही नाही. आता याच यंत्रावर पोरगं "धाधा तिट धाधा तूना" वाजवतंय असं समजा. पोरगं लयीत पक्कं आहे, पाय हलत नाही, मान हलत नाही. पण माझ्या कानाला "धाधा तिट"पर्यंत लय बरोबर, आणि "धाधा तूना" झपकन पुढे सरकलेलं. मग "ताता तिट" लांबलेलं. मुलाची लय चढली की नेटची, हे ओरडण्याआधी कसं ठरवायचं? मी डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही, कारण चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वाटांनी येतात. मी मुलाला सांगतो, मात्रा तोंडाने मोठ्याने मोजत वाजव. आकड्यांचा उच्चारही चिरका होऊन पळाला तर नेट, आकडे नीट आणि बोल पुढे तर तू. हे फायबरवर क्वचित करावं लागतं. सकाळच्या वर्गांत जवळपास नाहीच. फायबरची खरी किंमत मला इथे वसूल होते, 100 या आकड्यात नाही.

आवाजाची आणखी एक फसवणूक आहे, तिचा कनेक्शनशी संबंध नाही, पण नवीन माणूस दोष कनेक्शनलाच देतो. मीटिंगची ॲप्स ऑफिसातल्या माणसांसाठी बनवलेली. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, तो पुसा. मधेच आलेला घुमारा म्हणजे दार आपटलं, तो दाबा. बारीक आवाज मोठा करा, मोठा बारीक करा. याचा परिणाम असा: तानपुरा दोन सेकंदांत गायब. लेहरा गायब. बायाची (डाव्या हाताच्या डग्ग्याची) मींड, म्हणजे घसरत जाणारा सूर, सुरू होते न होते तोच मध्ये कापलेली. "ना" आणि "ती" यांच्या वजनातला फरक, जो शिकवायला मी सहा-सहा महिने घालवतो, तो सपाट. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी मुलं घुमट, म्हणजे मातीचं चर्मवाद्य, घेऊन बसली होती, आरत्यांची तालीम. घुमटाचा आवाज यंत्राला इतका नकोसा झाला की फक्त मुलांचं हसू ऐकू येत होतं. उपाय आहे. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' म्हणून सोय आहे, ती चालू केली की ही सगळी सफाई थांबते. संगणकावर संगीतासाठीचा वरचा दर्जाही निवडता येतो. गूगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करता येतं. दोन्ही बाजूंनी करावं लागतं, आणि हेडफोन लावावा लागतो, नाहीतर आवाज घुमून परत येतो. हेडफोन तारेचाच. ब्लूटूथवर आधीच उशीर, त्यातून माइक सुरू झाला की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. माझ्या वर्गात ब्लूटूथला बंदी आहे, मडगावच्या साहेबांनाही.

आता घरातलं. आमचं घर जुनं, चिऱ्यांचं, भिंती हातभर रुंद. केबलवाल्याच्या मुलाने फायबरचा डबा (मॉडेम) दर्शनी खोलीत टीव्हीजवळ लावला, कारण सगळ्यांचा तिथेच असतो. तबल्याची खोली मागच्या बाजूला, मध्ये दोन भिंती. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय पहिल्याच भिंतीत संपतं. 2.4वालं पोचतं, पण ते पिंगला, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेला, नाचवतं. मी चिऱ्याला भोक पाडून लॅनची केबल ओढून घेतली, केबल आणि मजुरी मिळून हजाराच्या आत. प्लॅन 100चा 200 करण्यापेक्षा हे हजार रुपये जास्त कामाला आले. कनेक्शन देताना "तुम्ही बसता कुठे?" एवढा एकच प्रश्न कंपनीने विचारायला शिकावं.

संध्याकाळची गोष्ट वेगळी. सात ते दहा हाच माझा वर्गाचा वेळ, कारण मुलं शाळा, ट्यूशन, सगळं उरकून बसतात. नेमक्या त्याच वेळी गावातले सगळे टीव्ही नेटवर चालू. क्रिकेट असेल तर विचारूच नका. स्पीड टेस्ट तेव्हाही 70-80 दाखवते, ती फसवी. पिंग बघा. सकाळी मुंबईपर्यंत 20 मिलिसेकंदांच्या आसपास असणारा पिंग संध्याकाळी 40, मध्येच 180, पुन्हा 40. केबलवाल्याने वरून घेतलेली बँडविड्थ आणि खाली विकलेले प्लॅन यांचा मेळ बसत नाही, त्याचं हे लक्षण. मी जाऊन बोललो. मालक सरळ माणूस आहे. म्हणाला, "मास्तर, सगळ्यांना एकदम शंभर द्यायचे तर मला दुकान विकावं लागेल." पटलं. पण मग वर्ग घेणाऱ्यांना, शाळेतल्या शिक्षकांना, थोड्या जास्त पैशांत संध्याकाळची राखीव वाट द्या की! 50च द्या, पण हलू देऊ नका. असा प्लॅन त्यांच्याकडे नाही, आजूबाजूच्या कुणाकडेच मला दिसला नाही. सगळे वेग विकतात.

घरातल्या घरातही गर्दी होते. मुलाच्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की अपलोडची रांग लागते आणि माझा आवाज त्या रांगेत शेवटी उभा. कंपनीच्या डब्यात कुणाला आधी सोडायचं हे ठरवायची सोय नाही. सध्या उपाय म्हणजे वर्गाच्या वेळी मी ओरडतो.

पाऊस. इथे कनेक्शनचे दोन तारे गळतात. फायबर विजेच्या खांबांवरून, नारळ-पोफळींच्या मधून, एका फणसाला टेकून आमच्याकडे येतं. माकडं त्यावरून जातात, आणि दाताने बघतातही. जूनमध्ये फांदी पडली की डब्यावर एलओएसचा, म्हणजे प्रकाश येत नाही असं सांगणारा, तांबडा दिवा. पूर्ण तुटलं तर निदान कळतं तरी. वाईट ते अर्धवट दुखावलेलं. डब्याच्या पानावर जाऊन बघितलं (पत्ता डब्याच्या खाली चिकटवलेला असतो) तर प्रकाशाची पातळी दिसते. माझी चांगल्या दिवशी उणे 19 डीबीएम. उणे 27च्या खाली गेली की दिवा हिरवाच राहतो, पण आवाज तुटायला लागतो. फोनवरची मुलगी "तुमचा दिवा हिरवा आहे ना, मग लाईन ओके आहे" म्हणते. तिला हा आकडा सांगायचा, की माणूस येतो. हे प्रत्येकाने शिकून ठेवावं.

येणारा पोरगा मात्र कामाचा. गेल्या पावसाळ्यात फणसाखाली स्कूटरच्या सीटवर त्याने जोडकाम केलं, मी वर छत्री धरली. तारेची काळी साल सोलली, आतली रंगीत साल सोलली, उरला तो 125 मायक्रॉनचा काचेचा धागा. स्पिरिटच्या कापसाने पुसला, कापणीच्या यंत्रात घालून काटकोनात तोडला. दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवली. छोट्या पडद्यावर ती दोन टोकं सळयांएवढी मोठी दिसतात, यंत्र आपणहून त्यांना समोरासमोर आणतं, बारीक ठिणगी, आणि सांधा नाहीसा. जोडात वाया जाणारा प्रकाश पडद्यावर आला: 0.02 डीबी. "पळयात मास्तर, जोड दिसना," म्हणाला, म्हणजे बघा, जोड दिसत नाही. मग सांध्यावर नळी सरकवून तापवली आणि तार परत त्याच फणसाला बांधली. मी म्हटलं, फणसाला नको रे. म्हणाला, खांब विजेचा आहे, नवीन हूक मारायला परवानगी लागते. या पावसाळ्यात पुन्हा तेच होणार, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. जमिनीखालून तार न्यायची तर खर्च कोण करणार? दहा घरांच्या वाड्यासाठी कुठलाच केबलवाला चर खणणार नाही. तिथे पंचायतीने आणि सरकारने पुढे व्हायला हवं. गोव्यात 191 पंचायती आहेत आणि देशात पंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना 2011पासूनची. पंचायतीच्या दारापासून वाड्यापर्यंतचा शेवटचा तुकडा हाच कायम कुणाचाच नसतो.

वीज. डब्याला 12 व्होल्ट लागतात, त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, दीड हजारात. तो घेतला आणि लॅपटॉपची बॅटरी आहेच, म्हणजे माझ्याकडे दोन-अडीच तासांची सोय. पण वीज बराच वेळ गेली की बाजारातल्या केबलवाल्याच्या दुकानातलं मुख्य यंत्रही मान टाकतं. तिथे इन्व्हर्टर आहे, जनरेटर नाही. मे 2021मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा सगळीकडेच अंधार होता, तो भाग सोडा. साध्या दोन-तीन तासांच्या खंडिततेत कनेक्शन टिकायला हवं. शिकवणीची साखळी तिच्यातल्या सगळ्यात लहान बॅटरीएवढीच चालते, आणि ती बॅटरी माझ्या हातात नाही.

बिलाचं एका ओळीत: वेळच्या वेळी मेसेज येतो, यूपीआयने भरता येतं, एक दिवस उशीर झाला तर त्याच रात्री बारा वाजता बंद. एवढी तत्परता फांदी पडल्यावर दिसती तर चार तारे दिले असते.

आता नेत्रावळीचा मुलगा. मस्कतची मुलं मला फोंड्यातल्यासारखी ऐकू येतात, कारण दोन्ही टोकांना फायबर. हा मुलगा गोव्यातच, पण त्याच्या वाड्यावर ना फायबर ना धड रेंज. तो सगळा पट्टा अभयारण्याला लागून, टॉवर उभा करायला परवानग्या, आणि जिथे परवानगी मिळते तिथे लोकांना टॉवर दुसऱ्या वाड्यावर हवा असतो. 2020मध्ये गोवा सरकारने टेलिकॉम पायाभूत सुविधांचं धोरण आणलं. त्याच वर्षी सांग्यातली मुलं वर्गासाठी डोंगर चढताहेत अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. हा मुलगा डोंगर चढत नाही, रस्त्याच्या वळणावरच्या बस थांब्याच्या शेडमध्ये बसतो. दायां (उजव्या हाताचा तबला) घेऊन येतो, डग्गा घरी, कारण सायकलवर दोन्ही मावत नाहीत. डाव्या हाताने दप्तरावर वाजवतो. आणि त्याच्याकडे दिवसाला दीड जीबी.

दीड जीबीचा हिशेब कुणी करत नाही. एक एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला 450 एमबी खातो, जाणारा आणि येणारा मिळून 900. दुपारी शाळेचा एक ऑनलाइन तास झाला की माझ्यासाठी उरतात 600. निव्वळ आवाज, तोही संगीताला चालेल असा 96 केबीपीएसचा, तासाला 45 एमबीच्या आत बसतो. म्हणून त्याच्यासाठी मी कॅमेरा बंद ठेवतो. हाताची ठेवण बघायला शेवटी दोन मिनिटं चालू. ॲपने हे आपणहून करायला हवं. रेंज घसरली की चित्र आधी सोडावं, आवाज शेवटपर्यंत धरावा. काही ॲप्स करतात, पण चित्राचा मोह सोडायला फार वेळ लावतात.

खरं तर त्याच्यासोबत थेट कॉलवरचा वर्ग आता कमीच होतो. मी पाठ रेकॉर्ड करून पाठवतो. तो थांब्यावर आला की ते उतरवून घेतो, घरी जातो, घरच्या दोन्ही तबल्यांवर, दप्तरावर नाही, वाजवून फोनवर रेकॉर्ड करतो, आणि दुसऱ्या दिवशी थांब्यावरून पाठवतो. दहा मिनिटांचं वादन पाच एमबीच्या आत. त्यात लय कुणी ताणलेली नसते, घुमारा कुणी कापलेला नसतो. त्याच्या चुका मला डिचोलीच्या मुलीच्या चुकांपेक्षा स्पष्ट ऐकू येतात, हे लिहायला विचित्र वाटतं पण तसं आहे. डिचोलीच्या मुलीलाही मी आता आठवड्यातून एकदा तसंच करायला लावतो.

2004च्या सप्टेंबरात इस्रोने खास शिक्षणासाठी एजुसॅट सोडला तेव्हा मी फार उत्साहाने पेपर वाचला होता. 36,000 किलोमीटरवरचा उपग्रह, आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद. तबल्याला निरुपयोगी म्हणून तेव्हा हसलो. पण त्या लोकांनी आखणी केली होती ती दूरच्या खेड्याला डोळ्यांपुढे ठेवून. आज फायबर, टॉवर, ॲप, सगळं फोंडा-पणजीपासून सुरू होतं आणि दम लागेल तिथे थांबतं. नेत्रावळीच्या थांब्यावर बसलेल्या पोराला पुरेल अशी सेवा आधी आखली असती, तर ती मला आपोआप पुरली असती.

तर कुणी घ्यावं? शिकवणारे असाल, गाव केबलवाल्याच्या दुकानापासून फार आत नसेल, तर जरूर घ्या. 100चा प्लॅन पुरे, त्याच्या वर जाऊ नका. उरलेले पैसे लॅनची केबल आणि छोटा यूपीएस यांत घाला. अपलोड विचारा, संध्याकाळी सात वाजता शेजाऱ्याच्या घरी जाऊन पिंग बघा, लाईनवर येणाऱ्या पोराचा थेट नंबर घ्या. वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट देतात, ते निदान एक पावसाळा काढल्याशिवाय भरू नका.

आणि एक विनंती. नेत्रावळीच्या मुलाची प्रवेशिका पूर्णची परीक्षा (तबल्याच्या सुरुवातीच्या परीक्षांपैकी एक) आता जवळ आलीय. त्या बाजूला वाड्यापर्यंत फायबर देणारा कुणी असेल तर खाली कळवा. महिन्याचे पैसे मडगावचे बँकवाले आणि मी मिळून भरू, खांब कमी पडत असतील तर पंचायतीत येऊन बसू. फक्त त्या फायबरवाल्याकडे स्वतःचं स्प्लायसिंग मशीन हवं, दर वेळी फोंड्याहून मागवणारा नको.